फक्त सोळा तास!

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवर येते आहे. मधे पुण्याला जाऊन आले. लिहायला विषय पुष्कळ साठलेत (पाऊस, खड्डे, आईचा गुडघा), पण ते सगळं पुन्हा कधीतरी. आज मला भांडायचं आहे. वाचणाऱ्यांत निम्मे नातेवाईक आहेत हे लक्षात ठेवूनच भांडणार आहे.

झालं असं की माझी भाची, म्हणजे दादाची धाकटी, शिकायला बॉस्टनला निघाली. आदल्या संध्याकाळी घरात पंचवीसेक माणसं. दिवाणावर, खुर्च्यांवर, खाली सतरंजीवर. बॅग काट्यावर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. आई कोणाशी काही न बोलता चकल्यांचे पुडे बांधत बसली होती. तिचा चेहरा पाहून एकेक जण समजूत काढायला लागला. "अहो, आजकाल काय ते! सोळा तासांत माणूस अमेरिकेत." "जग किती जवळ आलंय!" एका काकांनी तर, आमच्या लहानपणी कोकणात जायला याहून जास्त वेळ लागायचा, असंही ऐकवलं. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बघा की, पंचवीस वर्षांच्या वर ये-जा करते आहे. सांग गं, किती तास लागतात?"

आईने पुडा बांधता बांधता माझ्याकडे पाहिलं.

मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी या सोळा तासांचा समाचार घेऊ दे, कारण हा आकडा गेली कित्येक वर्षं आमच्या घरात पाहुण्यासारखा राहतो आहे आणि त्याला इतक्या वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही.

मी १९९९ साली पहिल्यांदा गेले तेव्हा बाबांनी अंतर मोजलं होतं. बाबा भूगोलाचे मास्तर. शाळेतून निवृत्त होताना त्यांना मुलांनी एक पृथ्वीगोल दिला होता, फूटभर व्यासाचा. त्यावर त्यांनी मुंबईला आणि न्यूयॉर्कला टाचण्या टोचल्या, मधे शिवणाचा दोरा ताणला आणि तो पट्टीवर धरला. दोरा भरला बरोबर एक फूट. म्हणजे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. शिवाय भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा तो दोरा आडवा अटलांटिकवरून आफ्रिकेच्या डोक्यावरून गेला नाही, तर वर ग्रीनलंडच्या बाजूला चढला आणि स्कँडिनेव्हिया, रशिया, अफगाणिस्तान करत खाली उतरला. "गोल वस्तूवर सरळ रेष अशीच असते," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "म्हणजे लांबच ना?" बाबा म्हणाले, "लांबच."

त्या काळी मी युरोपात विमान बदलून जायचे आणि विचारलं की "बावीस-चोवीस तास" सांगायचे. मग २००७ साल आलं. ऑगस्टमध्ये एअर इंडियाने मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जाणारं विमान सुरू केलं, ऑक्टोबरमध्ये कॉन्टिनेंटलने न्यूअर्क ते मुंबई सुरू केलं. सोळा तास हा आकडा घरात आला तो तेव्हा. बाबा फोनवर म्हणाले, "सहा तासांनी जवळ आलीस." मीही हो म्हटलं. दोरा तेवढाच होता.

आता जरा मास्तरांची मुलगी म्हणून विचारते. जग जवळ आलं म्हणजे नक्की काय झालं? एअर इंडियाचं बोइंग ७०७ जातीचं पहिलं विमान लंडनमार्गे न्यूयॉर्कला गेलं ते मे १९६० मध्ये. ते ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडायचं. आजची विमानंही ताशी नऊशेच्या आसपासच उडतात. साठ-पासष्ट वर्षांत वेगात काही म्हणजे काही फरक पडलेला नाही! आवाजाच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन बेसुमार लागतं, म्हणून सगळे त्याच्या अलीकडे थांबतात. ती मर्यादा ओलांडणारं काँकॉर्ड २००३ साली निवृत्त झालं, आणि त्याच्या जागी अजून तसं दुसरं प्रवासी विमान आलेलं नाही. मग कमी काय झालं? मधले थांबे कमी झाले आणि तिकीट आवाक्यात आलं. त्याला जग स्वस्त झालं म्हणा हवं तर.

बरं, अंतरावरून वेळ काढावा तर तेही जमत नाही. न्यूयॉर्क ते दुबई साधारण अकरा हजार किलोमीटर, दुबई ते मुंबई एकोणीसशे. बेरीज केलीत तर थेट मार्गापेक्षा जेमतेम चारशे किलोमीटर जास्त. विमानाला हे अर्ध्या तासाचंही काम नाही. पण दुबईमार्गे निघालात की प्रवास पाच-सहा तासांनी सहज वाढतो, कारण ते तास तुम्ही विमानतळावरच्या खुर्चीत घालवलेले असतात. उलट एक गंमत. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली–सॅनफ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली, पंधरा हजार तीनशेवर गेली, आणि विमान साधारण दोन तास लवकर पोचलं! वरच्या थरात वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी घेतले म्हणून. म्हणूनच अमेरिकेहून येताना तास-दीड तास कमी लागतो आणि जाताना जास्त. लांबची वाट जवळची ठरते आणि चारशे किलोमीटरचा वळसा सहा तास खातो. आणि आम्ही पोहे खाता खाता म्हणायचं, "सोळा तास हो फक्त!"

घड्याळ तर सरळ सरळ फसवतं. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दीडला निघा, सोळा तास उडा, न्यूयॉर्कला उतराल त्याच दिवशी सकाळी आठला. तिकिटावर बघाल तर वाटेल साडेसहा तासांत पोचलात. येताना रात्री साडेआठला निघा, साडेचौदा तास उडा, आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्रीचे साडेआठ. तो अख्खा दिवस कुठे गेला ते कोणी सांगत नाही.

माझा खरा राग मात्र 'पासून' आणि 'पर्यंत' या दोन शब्दांवर आहे. सोळा तास कुठपासून कुठपर्यंत? विमानतळाच्या दारापासून विमानतळाच्या दारापर्यंत. आम्ही तिथे राहत नाही. आम्ही कोथरूडला राहतो. लोहगावचं विमानतळ हवाईदलाचं, धावपट्टी अमेरिकेला जाणाऱ्या भरलेल्या अजस्र विमानाला पुरेल इतकी लांब नाही. म्हणजे आधी मुंबई गाठायची. दीडशे किलोमीटर, साडेतीन तास, आणि पाऊस असेल तर देवाची इच्छा. तीन तास आधी विमानतळावर. पलीकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, मग घरापर्यंतची गाडी. गावी जाताना आपण असा हिशोब कधीच केला नाही. कोणी विचारलं तर आजी सांगायची, एसटीने फाट्यापर्यंत सहा तास, फाट्यावर बैलगाडी मिळाली तर एक तास, नाही मिळाली तर दोन तास चालत. फाट्यापर्यंतचे सहा तास सांगून ती गप्प बसली नाही. कोकणाचा दाखला देणारे काकाही फाट्यापासूनचं चालणं धरूनच बोलत होते, फक्त अमेरिकेची वेळ आल्यावर ते विसरले.

आता जुलै २०१९. हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं.

दादाचा फोन आला तेव्हा न्यू जर्सीत मंगळवारचे रात्रीचे नऊ चाळीस झाले होते. पुण्यात बुधवार, सकाळचे सात दहा. बाबा पहाटे गेले. दादाने विचारलं, "किती वेळात पोचशील?" मी म्हटलं, "सोळा तास धर." तिकीट पाहिलं नव्हतं, काहीच पाहिलं नव्हतं. बारा वर्षं तोंडात बसलेला आकडा बाहेर आला. दादाने लगेच सगळ्यांना कळवलं, ही आज रात्री उशिरा येते आहे. सांगलीहून मावशी निघाली.

त्या रात्रीचं थेट विमान तासाभरापूर्वी उडून गेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या थेट विमानात जागा नव्हती. मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचं, आखातातून. दीड तासाने दादाला पुन्हा फोन केला. तिकिटावर मुंबईला उतरायची वेळ लिहिली होती, गुरुवार संध्याकाळ साडेसहा. मी तेच वाचून दाखवलं. "गुरुवारी साडेसहा." मुंबईला, हा शब्द मी म्हटला होता का ते मला आठवत नाही. म्हटला असला तरी दादाने तो ऐकला नाही. आईने तर नाहीच.

दवाखान्याच्या शवागारात जागा मिळाली. दीड दिवस. गुरुवारी पाच वाजता बाबांना घरी आणलं, कारण मी साडेसहाला येणार होते.

साडेसहाला मी मुंबईच्या धावपट्टीवर होते. बाहेर पडायला साडेसात. जुलैचा पाऊस. चेंबूरला अर्धा तास, वाशीच्या पुलावर अर्धा तास, आणि खालापूरच्या टोलनाक्याजवळ गाडी थांबली ती थांबलीच. वर घाटात ट्रक आडवा झाला होता. सव्वादहाला दादाचा फोन. "कुठे आहेस?" "खालापूर." तो काही बोलला नाही. पुण्याच्या माणसाला पावसात खालापूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मग म्हणाला, "गुरुजी दोनदा विचारून गेले. आईला आता बसवत नाही." ती पाच वाजल्यापासून बाबांच्या उशाशी बसली होती. दर मोटारीच्या आवाजाला दाराकडे बघत होती, हे मावशीने मला नंतर सांगितलं. मावशीने सांगायला नको होतं.

मी म्हटलं, "घेऊन जा."

घरी पोचले रात्री साडेबाराला. वैकुंठातून सगळे नुकतेच परतले होते, ओल्या चपला दारात. फोन आल्यापासून एक्केचाळीस तास वीस मिनिटं. घरातून निघाल्यापासून साडेबत्तीस तास. आणि त्यात मी हवेत किती होते? साडेबारा अधिक तीन. साडेपंधरा! म्हणजे माझा सोळा तासांचा आकडा खोटा नव्हता बरं का. अर्धा तास जास्तच धरला होता.

दहाव्याला एक बाई आईला म्हणाल्या, "समोरच्यांचा मुलगा तर त्याच रात्री आला होता हो, तोही परदेशातूनच." तो सिंगापूरला असतो. साडेपाच तासांचं विमान. पण परदेश म्हणजे परदेश, आणि येणारा येतोच. जग जवळ आलंय ना!

हेच ते, ज्यासाठी मी आज लिहायला बसले. जग जवळ आलं असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यावर, जो वेळेवर पोचत नाही तो आपोआप गुन्हेगार होतो. अंतर कोणी मोजत नाही, माया मोजतात. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. लोकांनी त्यांना नाही नाही ते बोल लावले, पण घरच्या कार्याला आल्या नाहीत असा बोल लावला असेल का? निरोप देणाऱ्याला माहीत होतं की हा निरोप आहे. आमच्या निरोपाला आम्ही निरोप म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, "पोचलीस की फोन कर."

आणि हा आकडा तरी कोणाच्या मेहेरबानीवर? २३ मार्च २०२० पासून २७ मार्च २०२२ पर्यंत भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद होती. खास उड्डाणं होती, पण त्यांची तिकिटं मिळवणं हाच एक प्रवास. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या काळात आईवडिलांचं शेवटचं दर्शन मोबाईलवर घेतलं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश अमेरिकन विमानांना बंद झालं आणि भारताकडे येणारी त्यांची काही उड्डाणंच थांबली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणारी एअर इंडियाची विमानं इंधनासाठी युरोपात उतरायला लागली. बाबांचा दोरा नेमका रशिया-पाकिस्तानवरूनच गेला होता. पृथ्वीगोलावर दोरा ताणताना कोणाची परवानगी लागत नाही.

व्हिसाचं तर बोलूच नका. २००३ मध्ये माझं स्टॅम्पिंग संपलं होतं, गेले तर परत येता येईल की नाही माहीत नव्हतं, म्हणून चुलतबहिणीच्या लग्नाला मी आले नाही. ती अजून टोमणा मारते. २०२५ च्या डिसेंबरात भारतातल्या अमेरिकन वकिलातींनी व्हिसाच्या कितीतरी मुलाखती एकदम काही महिने पुढे ढकलल्या. सुट्टीला म्हणून आलेले लोक नोकरी तिकडे, घर तिकडे आणि स्वतः इकडे असे अडकले. त्यांना विचारा पुण्याहून न्यू जर्सी किती तास.

एक मामा म्हणतात (ते हे वाचतात, नमस्कार मामा!) की आमच्या वेळी पत्र पोचायला दोन आठवडे लागायचे, तुम्ही व्हिडिओ कॉल असून रडता. मामा, कबूल. कॉलवर आई रोज दिसते, तिच्या चष्म्याची तुटलेली दांडीही दिसते. पण तुमच्या वेळी अमेरिकेतल्या मुलीसाठी कोणी पाच ते साडेदहा उशाशी थांबून राहत नव्हतं. थांबण्यात अर्थ नाही हे तेव्हा घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आईला ते माहीत नव्हतं, कारण तिला कोणीतरी बारा वर्षं सोळा तास सांगत होतं.

कोण सांगत होतं? काका-मामा नाही. जाहिरात नाही. मीच. जाताना आईची समजूत म्हणून सांगितलं, पण खरं तर माझीच. घरातून निघताना दार ओढून घ्यायला तो आकडा फार बरा पडतो. माझ्यासारखे तिकडे राहणारे जे ब्लॉगवाले हे वाचत असतील, त्यांनी सांगावं, तुम्ही घरी किती तास सांगितलेत?

तर त्या संध्याकाळी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दारापासून दारापर्यंत दीड दिवस धर आई. तिकीट हातात नसेल तर दोन. व्हिसाची काही भानगड असली तर सांगता येत नाही." एकदम शांतता. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेली. मामा म्हणाले, "निघताना असलं बोलू नये गं." आई थोडा वेळ हातातल्या पुड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दीड दिवस? मग एवढ्या दशम्या पुरायच्या नाहीत," आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. वहिनी, तू हे वाचतेस हे मला माहीत आहे. तू रागावलीस ते ठीकच आहे, मुलगी तुझी चालली होती. पण होस्टेलवर पोचल्यावर तिने मेसेज केला तो आईला. कोथरूडचं दार ते तिच्या खोलीचं दार, चौतीस तास दहा मिनिटं. दशम्या लंडनलाच संपल्या.